धाकट्याच्या वाटणीचं

अप्पांनी शेताची वाटणी केली त्या दिवशी घरात कुणीच भांडलं नाही, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात राहिला आहे.

मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. ड्युटी संपवून तशीच बस धरून गावी, मंठाळला गेले. अप्पा दारातल्या खाटेवर पडून होते. सिमेंटच्या धुळीनं त्यांची छाती गेली होती. आमच्या आजोबांच्या नावावर वीतभर रान नव्हतं. अप्पांनी जवानीची सगळी वर्षं हैदराबादेत गवंडीकाम केलं आणि जरा पैसा साठला की गावात येऊन एखादा तुकडा विकत घेतला. कुणाचं खडकाळ, कुणाचं पाणथळ, देणारा देईल ते. असे तुकडे जोडत जोडत चार एकर झाली होती. ती त्यांनी दोघा मुलांत सरळ अर्धी अर्धी केली. माझा वाटा मी आधीच सोडला होता. मला पगार होता, नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. कुणासाठी घ्यायचं?

"रस्त्याकडची मधल्याची. वढ्याकडची दोन एकर धाकट्याची," अप्पा म्हणाले. मग दम घेऊन माझ्याकडं बघत म्हणाले, "आन् धाकट्याचं तू बघायचं, बाई."

मधला तिथंच भिंतीला टेकून बसला होता. शेती तोच करायचा. अप्पा आजारी पडल्यापासून चारही एकर त्याच्याच अंगावर होती. धाकट्याचं तू बघ, हे अप्पा त्याला न म्हणता मला म्हणाले, ते त्याला लागलं असणार. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

धाकट्याचं कुणीतरी बघावं लागणार होतं, हे तोवर आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. तसा तो आमच्यात हुशार. आयटीआय करून हुमनाबादच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता. पहिल्या पगारातून त्यानं मायला मिक्सर आणला होता आणि माय तो बरीच वर्षं पदरानं पुसून ठेवायची, वाटायची मात्र पाट्यावरच. मग एक दिवस तो काम सोडून घरी आला. म्हणाला, मशिनी माझ्याबद्दल बोलतात. आधी आम्हाला गंमत वाटली. मी नर्स असून मलाही वाटली. पुढं तो जेवायचा बंद झाला, तेव्हा मी त्याला कलबुर्गीला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण तो पहिल्यासारखा झाला नाही. माय त्याच काळजीत गेली.

अप्पा गेल्यावर मी त्याला माझ्याकडं घेऊन आले. माझ्या घराच्या मागं एक खोली होती, तिथं त्याची खाट टाकली. गल्लीतल्या बायका त्याच्याकडं बिघडलेल्या इस्त्र्या आणायच्या. त्या तो नीट करून द्यायचा आणि पैसे मागायचा नाही. उन्हाळ्यातसुद्धा अंगात स्वेटर. रोज गोळ्या घेताना मला विचारायचा, "अक्का, तू घेतलीस का?" मी घेतली म्हणायचे, मगच तो गिळायचा.

कोर्टाची गोष्ट सुरू झाली ती वीटभट्टीमुळं. भट्टीवाल्याला ओढ्याकडची माती पाहिजे होती. तीन-चार फूट माती उचलणार आणि रोख पैसे देणार. मधल्याला पोरीचं लग्न करायचं होतं. तो कागद घेऊन माझ्या घरी आला, मी ड्युटीवर असताना. धाकट्यानं हौसेनं सही केली. त्याला वाटलं, भावाला सह्या पाहिजेत, तर त्यानं एकीच्या जागी चार केल्या. मी आले तेव्हा दोघं चहा पीत बसले होते.

"माती न्हेली की तिथं काय पिकतंय?" मी म्हणाले. "मुरूम उघडा पडंल."

"आता तरी काय पिकायलंय? माझ्याच घामानं पिकतंय ते," मधला म्हणाला. "अक्का, त्यानं खुशीनं सही केलीय."

"त्यानं इस्त्री दुरुस्त करायच्या पावतीवरबी खुशीनं सही केली असती."

तो कागद मी फाडला. मधला चहा अर्धा टाकून गेला. पुन्हा असं होऊ नये म्हणून मी बिदरला एका वकिलांना भेटले. ते गावाकडच्याच लिंगायत घरातले, वयस्कर, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे. ते म्हणाले, "नोड्री, बघा अक्का, कोर्टाकडून पालक म्हणून नेमून घ्या. मग कुणी काही करू शकत नाही. पण एक लक्षात ठेवा, मग तुम्हीपण काही करू शकत नाही."

ते शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही.

कोर्टानं मला पालक नेमलं. अटी साध्या होत्या. शेत विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. उत्पन्न भावाच्या नावच्या खात्यात ठेवायचं, त्याच्यासाठीच खर्चायचं आणि वर्षातून एकदा सगळा हिशेब कोर्टात दाखल करायचा. शेत मधलाच बटईनं करत राहिला, निम्मं त्याचं, निम्मं धाकट्याचं. तूर, उडीद, सोयाबीन. एखाद्या साली बरं, एखाद्या साली काडी नाही. बियाणं, खत, फवारणी, मळणी यांच्या पावत्या मला मधल्याकडून मागाव्या लागायच्या. तो त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून भावजयीच्या हातून पाठवायचा. स्वतः यायचा नाही.

भावजय पिशवी देताना म्हणायची, "अक्का, सख्ख्या भावाचा हिसाब सख्ख्या भावाला मागायलाव. गावात लोक हसायलेत."

"कोर्टाला द्यावा लागतो गं."

"कोर्टाला कोन घेऊन गेलं?"

मी पिशवीतल्या पावत्या मोजायला घ्यायचे. भावजय वाईट बाई नव्हती. माझ्या माहेरचा सगळा संसार तिनं ओढला होता. शेवटी शेवटी मायचं हगणं-मुतणं तिनंच काढलं होतं, मी नर्स असून. ती बोलली की मी ऐकून घ्यायचे.

हिशेब दाखल करायच्या आधी मी तो धाकट्याला वाचून दाखवायचे. कोर्टानं तसं सांगितलं नव्हतं, पण ज्याचं आहे त्याला कळायला नको? तो खाटेवर मांडी घालून, स्वेटरची बटणं लावून बसायचा. एका वर्षी सगळं ऐकून म्हणाला, "पाखरांनी खाल्लेलं लिहिलं न्हाईस."

"ते कसं लिहायचं?"

"अंदाजे लिही. त्यांनीबी खाल्लंयच की."

मी हसले. तोही हसला. आजारानंतर तो फार थोड्या वेळा हसला, त्यातली ही एक.

मग एका सकाळी तो दाढी करून येतो म्हणून गेला. न्हावी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. मी त्याच्या हातात पैसे दिले, दवाखान्यात गेले. दुपारी आले तर खोली उघडी, खाटेवर चादर घडी घातलेली. न्हावी म्हणाला, तो आलाच नाही.

त्याआधीही तो असा दोनदा निघून गेला होता. एकदा मंठाळच्या शेतात सापडला, एकदा हुमनाबादला, जुन्या कारखान्याच्या फाटकासमोर उभा. म्हणून मी आधी हुमनाबादला गेले. निरोप मिळाला तसा मधला शेत पाहून मोटरसायकल घेऊन तिथं आला होता. कोर्टाचं प्रकरण झाल्यापासून आम्ही पहिल्यांदाच एकमेकांशी बोललो. मी त्याच्या मागं बसले. आम्ही बसस्टँड पाहिलं, कारखान्याचं फाटक पाहिलं, हायवेवरचे ढाबे एकामागून एक पाहिले. प्रत्येक ठिकाणी मी मोबाईलवरचा फोटो दाखवायचे आणि मधला सांगायचा, "स्वेटर घातलेला. मराठी बोलतो, थोडी कन्नड येती." एका ढाब्यावरच्या पोरानं सांगितलं, असा माणूस सकाळी हौदावर तोंड धूत होता आणि मग एका लॉरीत चढला. कुठली लॉरी, कुठं जाणारी, त्याला माहीत नव्हतं. हायवेवर उभं राहिलं की एका बाजूला हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूला सोलापूर, पुणे. लॉऱ्या दोन्हीकडं जात होत्या. मधला रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून म्हणाला, "अक्का, त्याच्या खिशात गोळ्या तरी हायत का गं?"

गोळ्या खोलीतच होत्या.

पोलिसात तक्रार दिली. फोटो छापून बसस्टँडवर लावले. मधला सोलापूरकडं जाऊन आला, मी हैदराबादकडं. सुट्टी मिळेल तशी मी जात राहिले. निराधारांचे आश्रम, सरकारी दवाखाने, शवागारं. शवागारात जायला मला भीती वाटत नव्हती, तो माझ्या कामाचा भाग होता. आश्रमात जायला वाटायची. हैदराबादच्या अलीकडं एका आश्रमातून एकदा फोन आला की मराठी बोलणारा एक माणूस आहे, नाव सांगत नाही. मी आणि मधला गेलो. पत्र्याच्या लांब खोलीत ओळीनं माणसं बसली होती, सगळ्यांचे केस कापलेले, सगळ्यांच्या अंगात सारखेच निळे शर्ट. शेवटून तिसरा तो माणूस. आमचा नव्हता. त्याच्या कानाची ठेवण वेगळी होती. पण मी जवळ गेले तसा त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "चल, जाऊ."

मधला म्हणाला, "हा न्हाई, अक्का. सोड."

मी धरलेलाच नव्हता, त्यानं धरला होता. आश्रमाच्या माणसानं त्याची बोटं सोडवली. आम्ही परतीची बस धरली. त्या माणसाला आणलं असतं तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मधल्याच्याही आला असेल. पण आमच्याच माणसाचं करणं आम्हाला जमलं नव्हतं.

वर्ष संपलं. हिशेबाची वेळ आली. मी वकिलांना विचारलं, आता काय करायचं? ते म्हणाले, "तो हरवलाय, मेलाय असं कोण म्हणतंय? हिशेब चालू."

मी उत्पन्न लिहिलं. खर्चाच्या बाजूला दरवर्षी औषधं, कपडे, दूध, न्हावी असायचं. या वर्षी ते काहीच नव्हतं. शोधायला केलेला खर्च मात्र होता. बसचं भाडं, फोटो छापणं, लॉजचं भाडं. वकील म्हणाले, हाही त्याच्यासाठीच केलेला खर्च आहे, लिहा. मी लिहिला. मधल्याला ते कळलं.

"त्याला शोधायचा खर्च त्याच्याच पैशातनं?" तो फोनवर म्हणाला. "मी सोलापूरला गेलतो त्याची पावती ठिवली न्हाई, अक्का. मला ठिवायचं सुचलं न्हाई."

मी ते पान काढून टाकलं आणि नवीन लिहिलं. पुढचा सगळा शोध माझ्या पगारातून केला. पण तो जे बोलला ते बोलला.

कोर्टात जज साहेबांनी हिशेब पाहून कन्नडमध्ये विचारलं, "ईग एल्लिद्दारे?" आता कुठं आहेत ते? मी सांगितलं, माहीत नाही. ते शांत माणूस होते. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली. तेव्हापासून दरवर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. पुढं जज बदलले, प्रश्न तोच राहिला. शिरस्तेदार मला ओळखायला लागला होता. मी दिसले की तो न विचारता बसायला खुर्ची सरकवायचा. ज्या घरातलं माणूस गेलं आहे त्या घरी गेल्यावर लोक जसे वागतात तसे तिथले सगळे माझ्याशी वागायचे.

शोध कमी कमी होत गेला. आश्रमांचे फोन यायचे थांबले. बसस्टँडवरचा फोटो उन्हानं पांढरा पडला आणि त्यावर कुणीतरी कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवली. मी नवीन लावला नाही.

शेतात बोअर होती, ती आटली. दोन साल सोयाबीन करपलं. मधल्यानं ओढ्याकडचं रान करायचं सोडून दिलं. म्हणाला, मला माझंच होईना. मी दुसरा बटईदार शोधला. तो एक वर्ष करून निघून गेला. मग मी रविवारी एकटीच जाऊन बांधावर उभी राहायचे. शेजाऱ्यानं बांध हळूहळू आत सरकवला होता, बोअरचा पाइप कुणीतरी काढून नेला होता. हिशेबात मी लिहिलं, पाइप चोरीस गेला. त्या वर्षी उत्पन्नाच्या बाजूला फक्त बँकेचं व्याज होतं.

मधल्याला होईना, याचं खरं कारण आम्हाला नंतर कळलं. पाय सुजायला लागले, तोंड सुजायला लागलं. मी त्याला बघितलं आणि काय झालं असणार ते समजले, तरी रिपोर्ट येईपर्यंत कुणाला बोलले नाही. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा भावजय त्याला घेऊन मंठाळहून यायची. डायलिसिस झालं की तो माझ्या घरी, धाकट्याच्या खाटेवर पडायचा. मी त्याला मीठ न घातलेली भाजी आणि भाकरी द्यायचे. त्या काळात आम्ही जुन्यासारखे झालो. हैदराबादेत अप्पांच्या हाताखाली विटा वाहिल्याच्या गोष्टी तो सांगायचा. भावजय चुलीपाशी बसून ऐकायची.

हैदराबादच्या डॉक्टरांनी किडनी बदलायला सांगितलं. भावजय म्हणाली, माझी घ्या. तपासण्या झाल्या, तिची जुळली. किडनी होती, देणारी होती, पैसा नव्हता. सरकारी योजनेत बसलं तेवढं बसवलं. मी माझा पीएफ काढला. मधल्याच्या पोरानं पुण्यात कंपनीत काम करून साठवलेलं आणलं. तरी खूप कमी पडत होतं. मधल्याच्या शेताला गिऱ्हाईक लावलं, तर अडचणीत विकायला निघालाय हे बघून लोक मातीच्या भावात मागायला लागले.

मग एक दिवस मधला खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "अक्का, त्याच्या खात्यावर हाय की."

भावजय भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"ते त्याचं हाय," मी म्हणाले.

"मी कुठं माझं म्हणायलोय? त्यो असता तर दिला नसता का? तूच सांग. त्यानं एकीच्या जागी चार सह्या केल्या असत्या."

त्यानं दिला असता. त्यानं अंगातला स्वेटरसुद्धा काढून दिला असता. हे मलाही माहीत होतं आणि मी ते बोललेही. मग वकिलांकडं गेले. वकिलांनी कोर्टाचा जुना हुकूम पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, अर्ज करून बघू. आम्ही अर्ज केला. मी कोर्टात उभी राहून सांगितलं की माझ्या भावाला विचारता आलं असतं तर तो हो म्हणाला असता. नवीन जज बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधल्याचे रिपोर्टही बघितले. मग सांगितलं की ज्याचा पैसा आहे तो हो म्हणू शकत नाही, म्हणून तर हा पैसा कोर्टाच्या राखणीत आहे. त्याच्या वतीनं दुसऱ्याला देऊन टाकायचा अधिकार ना तुम्हाला, ना मला. त्यांचा आवाज कडक नव्हता. अर्ज नामंजूर झाला.

बँकेत मी एकटीच्या सहीनं पैसे काढू शकत होते. ही गोष्ट कुणी बोललं नाही, पण आम्हा तिघांनाही ती माहीत होती. मी घरी आले तेव्हा भावजयीनं विचारलं, "काय झालं?"

"न्हाई म्हणाले."

"मग तुमी काय म्हनायलाव?"

मी म्हणाले, कोर्टानं नाही म्हटल्यावर मी काढला तर ती चोरी होईल.  तिनं वाद घातला नाही. पुढच्या डायलिसिसनंतर ते दोघं माझ्या घरी न थांबता बसस्टँडवरून थेट गावी गेले.

मी कर्ज काढायची खटपट केली. निवृत्ती जवळ आलेल्या बाईला बँक किती देणार? तेही मंजूर व्हायच्या आत मधल्याला जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि चौथ्या दिवशी तो गेला. पैसे मिळाले असते तर वाचला असता का? मी दवाखान्यात आयुष्य काढलं आहे. मला माहीत आहे की बदललेली किडनीही कधी कधी टिकत नाही. पण हे मी भावजयीला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याच्या मातीच्या दिवशी तिनं मला पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली. बोलली मात्र नाही.

मी हिशेब देत राहिले.

निवृत्त झाल्यावर वकिलांनी मला बोलावलं. म्हणाले, सात वर्षं उलटून गेली. आता तो हयात नाही असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. नाहीतर तुमच्या मागं हे कोण बघणार? मी म्हणाले, विचार करते. विचार काय करणार? तो येणार नाही हे मला केव्हाच कळलं होतं. गोळ्या नसलेला माणूस रस्त्यावर किती दिवस काढतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण कळणं वेगळं आणि कोर्टात उभं राहून आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. शेवटी मी सही केली. पेपरात नोटीस आली. कुणी आलं नाही.

साक्षीच्या दिवशी विचारलं, "त्यांच्याकडून पत्र, फोन, निरोप काही?"

"काही नाही."

"ज्यांना कळायला हवं होतं अशा कुणालाही त्यांच्याबद्दल काही कळलं?"

ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे मरून गेले होते. मी म्हणाले, "नाही."

त्या एका शब्दानं माझा भाऊ कागदोपत्री मेला. बाहेर आल्यावर वकिलांनी मला कँटीनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि मग पुढचं सांगितलं. मी धरून चालले होते की शेत आणि पैसा मधल्याच्या पोरांना आणि मला निम्मा निम्मा येईल. माझा निम्माही त्यांनाच द्यायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. वकील म्हणाले, "तसं होत नाही अक्का. लग्न न झालेला माणूस. आई-बाप नाहीत. मग भाऊ-बहीण. भाऊ आधीच वारला. बहीण जिवंत असताना पुतण्यांचा नंबर येत नाही. सगळं तुमचं."

"माझं कसं? मी तर वाटा सोडला होता."

"तो वडिलांच्यातला. हे धाकट्याचं आहे."

मी चहा तसाच ठेवला. मधला जिवंत असता तर निम्मं त्याचं झालं असतं. तो असताना मी हा पैसा त्याला दिला नाही. तो गेला, म्हणून हा पैसा सगळा मला आला. मी कितीही सरळ सांगितलं तरी लोकांना हे असंच दिसणार होतं. बाहेरून पाहिलं तर मलाही असंच दिसलं असतं.

वकिलांनीच बक्षीसपत्राचा कच्चा कागद करून दिला. तो घेऊन मी मंठाळला गेले. भावजय दारात तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. कायदा सांगितला, वकील काय म्हणाले ते सांगितलं. म्हणाले, "शेत आन् पैसा, दोन्ही तुमच्या नावानं करते. पोराला एक दिवस बोलावून घे, सह्या करू."

तिनं तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आता कोर्ट न्हाई म्हनत न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

"आता माझं झालंय ना."

"मग तवा कामून झालं न्हाई, अक्का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं. मी म्हणाले, तेव्हा ते माझं नव्हतं. ती म्हणाली, "व्हय. ते खरंच हाय." मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्यो जित्ता व्हता तवा घेतला असता. हात जोडून घेतला असता. आता घेऊन काय करू? पोराला इचारा, पर मला नका इचारू."

पोराला मी पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, मायला नको तर मलाबी नको." माझ्यावर चिडला नव्हता. कामावर होता, मागं मशीनचा आवाज येत होता. "तुमीच वापरा. तुमालाबी आता कोन हाय?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा पत्र पाठवलं, एकदा त्याच्या बहिणीकडून निरोप दिला. त्यांचं उत्तर बदललं नाही.

पालकत्व संपल्याचा हुकूम आला. त्याआधी शेवटचा हिशेब दाखल करायचा होता. त्यात चूक निघाली नाही. इतक्या वर्षांत एकदाही निघाली नव्हती. शिरस्तेदार कागद परत देत म्हणाला, "मुगीतु अक्का." संपलं. चांगल्या मनानं म्हणाला. मी त्याला नमस्कार केला आणि बस धरली.

तहसीलमध्ये जाऊन पहाणीवर, म्हणजे शेताच्या उताऱ्यावर, नाव बदलून घेतलं. तिथल्या पोरानं आधी धाकट्याचं नाव वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं आणि मग ते खोडलं. त्या जागी माझं आलं.

पैसा बँकेत आहे. मी त्याला हात लावलेला नाही. माझी पेन्शन मला पुरते. वकील म्हणतात, दान करा कुणाला तरी. आमच्या विहारातली माणसं एकदा येऊन गेली, सभामंडपाचं काम अडलंय म्हणाली. त्यांना मी बघू म्हणाले. द्यायला हरकत नाही. पण तो कुणाच्या नावानं द्यायचा, इथं माझं अडतं.

महिन्या-दोन महिन्यांनी मी शेतावर जाते. जाताना भावजयीच्या दारावरूनच वाट आहे. ती दिसली तर आम्ही एकमेकींना बरं आहे का विचारतो. मी आत जात नाही आणि ती या म्हणत नाही. रानात वेडी बाभूळ माजली आहे. बांध आणखी आत आला आहे. मागच्या वेळी तिथं शेळ्या चारणारी एक नवीन सून भेटली, लग्न होऊन गावात आलेली. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. तिनं सहज विचारलं, "मावशी, हे पडीक रान कुनाचं हो?"

मी म्हणाले, "माझं."